दोन दारांची गाडी

आमच्या भावकीत एक नियम आहे. भीमेचा जुना पूल लागला की गाडी उभी करायची, मागचं डावं दार उघडायचं, क्षणभर थांबायचं आणि लावून घ्यायचं. पूल संपला की पुन्हा तेच. दौंडकडे जाताना करायचं आणि वडगावला परत येतानाही करायचं. का, ते विचारायचं नाही.

लहानपणी मी मागे डावीकडे बसलेली असले तर पूल यायच्या आधी थोरले चुलते, हौसरावआप्पा, मान न वळवता म्हणायचे, "अनुपमा, सरक." मी सरकायचे. एकदा विचारलं, "कुणासाठी?" तेव्हा सोजराआत्यानं मांडीला असा चिमटा घेतला की काळानिळा डाग पडला. पुढे मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, कुरकुंभच्या कारखान्यात क्वालिटी विभागात लागले, पण घरच्या गाडीत बसले की पुलावर माझंही तोंड बंद. याचा मला फार राग यायचा. अजून येतो.

यंदा मार्चमध्ये स्वतःच्या पैशांनी गाडी घ्यायची ठरवली. नवी झेपणार नव्हती. पण रोज तोच रस्ता, त्याच उसाच्या ट्रॉल्या, मग निदान चालवताना अंगावर शहारा येईल अशी तरी गाडी हवी होती. चौफुल्याजवळ सत्यजीतचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. तिथे दोन मनात भरल्या. एक करडी, चार दारांची, टर्बो इंजिनाची, डिकीत अख्खा किराणा मावेल अशी. दुसरी लाल, फक्त दोन सीटची, टप बटणावर मागे दुमडणारी. इतकी बुटकी की शेजारून ट्रॉली गेली तर तिचं चाक डोळ्यांसमोर यायचं.

"ताई, रोजच्या वापराला पाहिजे का मजेला?" सत्यजीतनं विचारलं.

"दोन्हीला."

"मग दोन्ही घ्या!" तो हसला. "खरं सांगू? करडी घेतली तर घरचे खूश. लाल घेतली तर तुम्ही."

मी ठरवलं, दोन्ही माझ्या रोजच्याच रस्त्यावर चालवून बघायच्या.

करडी आणली तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, सोबत होते. गाडी सुरेख. खड्ड्यात आदळली नाही, तिसऱ्या गिअरला नुसतं दाबलं की पाठ सीटला चिकटायची. पुलापाशी आबा काही न बोलता उतरले, मागचं डावं दार उघडलं, थांबले, लावलं. तेव्हा गाडी मागून डाव्या अंगाला किंचित बसली. आमच्या घरच्या जीपला कडक कमानपाट्यांच्या स्प्रिंगा, तिच्यात एवढंसं काही कळत नाही. या गाडीचं सस्पेन्शन मऊ, त्यामुळे कमरेखाली नीट कळलं. आबा अजून बाहेरच उभे होते.

"दार जोरात लावलंत का?" मी विचारलं.

"पुढं बघून चालव," आबा म्हणाले.

घरी आल्यावर आप्पांनी करडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला. "हीच घ्यायची. चार दारं हायती."

"आप्पा, मी एकटीच जाणार. मला चार दारं कशाला?"

"लागत्यात," आप्पा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. त्यांनी तंबाखू मळायला घेतली की विषय संपला.

माझा नव्हता संपला. दोन दिवसांनी सुट्टी टाकून मी एकटीच चौफुल्याला गेले आणि लाल गाडी घेऊन निघाले.

भर दुपार होती. टप बंद करून एसी लावला. ती गाडी काय धावते, सांगू तुम्हाला! जमिनीला चिकटून, स्टिअरिंग जिवंत, इंजिनाचा आवाज थेट छातीत. मी एकटीच मोठ्यानं हसत होते. पूल दिसला आणि मला आणखी हसू आलं. या गाडीला मागचं दारच नव्हतं. दार नाही, म्हणजे नियमही नाही. एका फटक्यात सुटले.

पुलाच्या तोंडाशी मोठा गतिरोधक आहे. बुटकी गाडी तिथे घासते, म्हणून तिरकी घालून मी अगदी थांबल्यासारखी सावकाश चढवली. पलीकडून ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन पुलावर शिरला होता. पूल अरुंद. मी कठड्याला लागून उभी राहिले.

आणि गाडी डावीकडे बसली.

मग टिंग... टिंग... सुरू झालं. समोर लाल दिवा लागला होता. शेजारी बसलेल्यानं बेल्ट लावलेला नाही, असं सांगणारा दिवा. सीटवर काहीच नव्हतं. माझी पर्ससुद्धा डिकीत होती.

सेन्सर गेला असेल, मी स्वतःला सांगितलं. जुन्या गाडीत जातात सेन्सर. पण चौफुल्यापासून इथपर्यंत तो गप्प होता. ट्रॅक्टर पाचटाचा भुगा उडवत अगदी जवळून गेला. त्याच्या गाण्याचा दणदणाट विरला आणि ती टिंगटिंग तेवढी उरली. आधीपेक्षा घाईची. मागे पिकअपवाला हॉर्न मारत होता. डोकं उठलं माझं. टॅक्सीवाले करतात तेच मी केलं. वाकून शेजारचा बेल्ट ओढला आणि मोकळ्या सीटवरून आणून खटकन अडकवला.

आवाज बंद झाला.

पण ओढताना बेल्ट रिकाम्या सीटला लागावा त्याहून जास्त बाहेर आला होता. माझ्या मनगटाला काहीतरी लागून गेलं. एसीचा झोत थेट त्या सीटवर होता, तरी मनगटाला लागलं ते गरम होतं... तापानं फणफणलेल्या माणसाचं अंग लागतं ना, तसं.

मी निघाले. शेजारी बघितलं नाही. एसीच्या गार हवेत शिळ्या घामाचा आणि ओल्या लुगड्याचा वास मिसळत होता. पूल संपला तेव्हा पाय आपोआप ब्रेकवर गेला. होय, मी थांबले. सगळं शिक्षण बाजूला ठेवून मी हात लांब केला, डावं दार उघडलं, थांबले... आणि ओढून घेतलं. गाडी उचलली जाईल अशी वाट बघत होते. उचलली नाही. घरापर्यंत स्टिअरिंग डावीकडे ओढत राहिलं.

अंगणात आप्पा आणि आबा बाजेवर बसले होते. आत्या उन्हात कुरडया उलथत होती. गाडी थांबल्याबरोबर आत्यानं वर बघितलं. माझ्याकडे नाही, डावीकडच्या काचेकडे. तिनं गडबडीनं डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घातली. मोठ्या जावेसमोर, भावजयीसमोर बायका घेतात तसा. आत्या सत्तरीची आहे. या घरात तिनं कुणासमोर पदर घेतलेला मी कधी बघितला नव्हता.

"वैनी..." ती पुटपुटली.

मी खाली उतरले. राग भीतीच्या वर होता. "कोण वहिनी? आत्या, कोण बसलंय माझ्या गाडीत?"

आप्पा बाजेवरून उठून पुढे आले आणि काचेपासून चार हात लांबच थबकले. "बेल्ट कुणी लावला?"

"मी. आवाज करत होता."

"आन् पुलाच्या ह्या अंगाला दार उघडलंस?"

"उघडलं."

"बांधून ठेवल्यावर कशी उतरंल ती?" आप्पांचा आवाज फाटला. "बांधून घरी आणलीस व्हय!"

मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. बरंचसं आबांनी सांगितलं, आप्पांकडे न बघता. आप्पांची बायको विठाबाई, माझी थोरली काकू. ती माझ्या जन्माआधी तापानं गेली, एवढंच मला माहीत होतं. ताप चढला त्या दिवशी साखर कारखान्याच्या निवडणुकीचं मतदान होतं. घरची जीप मतदार आणायला लागलेली. आप्पांनी तिला त्याच जीपमधून पुलापर्यंत नेलं, कठड्याच्या सावलीत बसवलं आणि सांगितलं, "हितंच बस. मतं टाकून झाली की गाडी पाठवतो, दौंडच्या दवाखान्यात सोडंल."

"मग?"

आबा बाजेची दोरी बोटानं उकलायला लागले.

"मग आबा?"

"गाडी धाडायची इसरली," आबा म्हणाले. "रातीच निकाल लागला, गुलालात इसरली. ती तिथंच गेली."

त्या दिवसापासून घरची प्रत्येक गाडी तिला बसवून घेते. पुलाच्या एका टोकाला घ्यायचं, दुसऱ्या टोकाला उतरवायचं. पुढे कधीच नाही. इतकी वर्षं तिला फक्त पुलापुरती गाडी मिळत होती, आणि याला आमची माणसं नियम म्हणत होती.

"आता ऐक," आप्पा म्हणाले. त्यांनी कारखान्याच्या सभेतला आवाज काढायचा प्रयत्न केला. "पुलावर जायचं. बेल्ट सोडायचा, दार उघडायचं, तिला उतरवायचं. तसंच पुढं जाऊन ही गाडी परत करायची. चार दारांची घ्यायची. मागं बसली म्हंजी कुणाला तरास न्हाई."

"कुणाला त्रास नाही? की तुम्हाला बघायला लागत नाही?"

"अनुपमा!" आबा ओरडले.

"नाही," मी म्हणाले. "बेल्ट सोडणार नाही आणि पुलावर उतरवणार नाही. गाडी मी हीच घेणार. काकू शेजारी बसेल, माझ्या बरोबरीनं. मी तिला दौंडला नेते."

"दौंडला कुठं?"

"दवाखान्यात. गाडी पाठवतो म्हणाला होतात ना, आप्पा? ही आली गाडी."

"तिला जाऊन किती वरसं झाली पोरी..." आत्या रडायला लागली.

"मग दार कशाला उघडता?"

मी ड्रायव्हरच्या दाराकडे वळले. आप्पा मला अडवायला बॉनेटकडे निघाले, पण डाव्या दारापाशीच खिळले. त्यांची नजर डाव्या काचेवर होती. मीही बघितलं.

काच आतून धूसर झाली होती. इंजिन बंद, एसी बंद, अंगणात पाय भाजतील असं ऊन. तरी तोंडाच्या उंचीवर वाफेचा एक गोल उमटायचा, विरायचा, पुन्हा उमटायचा. आत कुणीतरी काचेला तोंड लावून श्वास घेत होतं.

त्या गोलाच्या जरा खाली, खांद्यापाशी, आणखी एक गोल होता. रुपयाएवढा. तो तान्ह्या मुलाच्या श्वासासारखा फार भरभर उमटत आणि विरत होता.

"आप्पा," मी विचारलं, "पुलावर काकूला एकटीलाच बसवलं होतं ना?"

आप्पांनी आबांकडे बघितलं. आबांनी आत्याकडे. आत्यानं पदर तोंडात कोंबला.