खांबावरचा हाकारा

ही गोष्ट २०२४ सालची. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी डोक्याच्या वर गेली होती आणि कणसं दुधात आली होती.

जे लिहिते आहे ते माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलं. मी तिथं होते. यात ऐकीव काही नाही. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. या वयात कुणाला पटवत बसायची हौस उरलेली नाही.

माझी बहीण दानम्मा. तिचे यजमान ईश्वरप्पा. त्यांची वस्ती मंगळवेढ्याच्या बाहेर, रानातच. मी सोलापुरात, भवानी पेठेत. त्यांचा एकुलता मुलगा प्रभु पुण्याला कंपनीत.

ज्वारी दाण्याला आली की पाखरं येतात. चिमण्या, पोपट, आणि सगळ्यात वाईट त्या भोरड्या. थवा उतरला की कणीस नुसतं भुसकट होतं. आम्ही लहान होतो तेव्हा वडील आम्हा दोघींना रानातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसवायचे. माझ्या हातात गोफण, दानम्माच्या हातात फुटका डबा. दिवसभर ओरडून ओरडून संध्याकाळी दोघींचा घसा बसलेला. भाकरी मागायलासुद्धा आवाज फुटायचा नाही.

ईश्वरप्पांनी आयुष्यभर तेच केलं. त्यांचा हाकारा तीन वस्त्यांवर ऐकू जायचा.

पण गुडघे गेले. माळ्यावर चढवेना. म्हणून आदल्या वर्षी प्रभुनं रानाच्या मध्यावर एक खांब रोवला. वर भोंगा, सोलरची प्लेट, आणि एक डबा. डब्यात सिमकार्ड आणि माईक. फोनमध्ये ॲप. पुण्यात बसून बटण दाबलं की मंगळवेढ्याच्या रानात भोंगा वाजणार.

पाखरं यंत्राच्या आवाजाला चार दिवसांत सरावतात. माणसाच्या आवाजाला सरावत नाहीत. म्हणून प्रभुनं वडिलांचाच हाकारा भरून घेतला.

"हाऽऽ हुर्रर्रर्र! हो हो हो होऽऽ!"

शेवटी ते खोकले होते आणि प्रभुला विचारलं होतं, "बास का आता?"

तेही भरलं गेलं. प्रभुनं ते हसत हसत तसंच ठेवलं.

शेजारच्या रानातला धोंडीराम चेष्टा करायचा. "अप्पा हितं बाजंवर लोळत्यात आन् आवाज तेवडा रानात राबतोय. बरं हाय की!"

ईश्वरप्पा म्हणायचे, "तुझ्या बायकोचा भरून घेऊ का? पाखरं काय, गावबी उठून जाईल."

असे दिवस होते.

त्या संक्रांतीआधीच्या कार्तिकात ईश्वरप्पा गेले. चहाचा कप हातात होता, तसेच.

आमच्यात दहन नसतं. माणसाला मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. भस्म, बेल घालून मातीआड करतात. बहुतेकांना स्वतःच्याच रानात.

ज्वारी तेव्हा गुडघ्याला आली होती. उभं पीक तुडवून खड्डा घ्यायला कुणी धजेना. ईश्वरप्पांना ज्वारीचं एक ताट मोडलेलं खपत नसे. खांबाभोवती तेवढा पेरा नव्हता. जागा मोकळी होती.

तिथंच घेतला.

वर काय आहे, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

प्रभु दानम्माला पुण्याला न्यायला बसला होता. ती हलेना. "रास होऊ दे, मग बघू," म्हणाली. कणसं भरायला लागली तेव्हा भोंगा पुन्हा चालू करायची वेळ आली. प्रभुनं विचारलं, "आई, दुसरा आवाज टाकू? कुत्र्याचा आहे, बंदुकीचा आहे."

"बापाच्या जागी कुत्रं बसवतोस?" ती म्हणाली.

त्यानं वडिलांचाच हाकारा चालू केला.

ॲप त्यानं माझ्याही फोनमध्ये घातलं. "मावशी, मी दिवसभर मीटिंगमध्ये असतो. हिरवा ठिपका दिसला की भोंगा चालू. लाल झाला की धोंडीरामला फोन कर. हे कानाचं चित्र दाबलंस की रानातलं ऐकू येईल. आणि हे तोंडाचं दाबून बोललीस की तुझा आवाज भोंग्यातून तिकडं."

"माझा आवाज कशाला? पाखरं हसतील."

"आईशी बोल की कधीतरी."

तोंडाचं बटण मी कधी दाबलं नाही. मला लाज वाटायची. कानाचं मात्र रोज दाबायची. दुपारी शेजारचे यंत्रमाग जेवणासाठी थांबले की मी फोन कानाला लावून बसे. ज्वारीच्या पानांची सळसळ. पाखरांचा कलकलाट. मग तो हाकारा... आणि पाखरं उडाल्याचा फडफडाट. डोळे मिटले की मी पुन्हा माळ्यावर.

एका दुपारी हाकारा झाला. खोकला झाला. "बास का आता?"

आणि दानम्माचा आवाज आला.

"अजून नाही. दाणा कवळा आहे."

मी हसले. मग मला रडू आलं. वाटलं, बोलू दे बिचारीला. त्यांच्यापाशीच तर बसली आहे.

दुसऱ्या दिवशीही ती बोलली. तिसऱ्याही.

मग मला जाणवलं... हाकाऱ्यानंतर फडफडाट येत नाही.

कलकलाटच नव्हता. एकही पाखरू नव्हतं.

मी धोंडीरामला फोन लावला. तो नेहमीसारखा चेष्टेत बोलला नाही.

"अक्का, पाखरं येईनात की. माज्या रानात थवं उतरत्यात, तुमच्या बांदापातूर येत्यात आन् माघारी फिरत्यात. बैलंबी त्या बांदाला जाईनात."

"आणि दानम्मा?"

"वैनी दिसभर खांबापाशी. माज्या बायकूनं, मुक्तानं, भाकरी निऊन दिली, तर तशीच वाळून पडलीया. म्हनत्यात, ह्येनी जेवल्याबिगर कशी जेवू?"

मी फोन ठेवला.

मी लगेच कानाचं बटण दाबलं.

सळसळ.

हाकारा.

खोकला...

मग काहीच नाही. नेहमी लगेच येणारा प्रश्न आला नाही. कुणीतरी श्वास घेऊन थांबल्यासारखं वाटलं.

"दानू, बास का आता?"

सगळं गाव तिला दानम्मा म्हणतं. दानू म्हणणारे एकटे ईश्वरप्पा. तेही चारचौघांत नाही.

मी प्रभुला फोन केला. त्याला मीटिंगमधून उठवलं. त्यानं भरलेला आवाज पुन्हा पुन्हा लावून ऐकला. "मावशी, यात आईचं नाव कुठंच नाही. तुला भास झाला असेल."

"मग तो बंद कर."

त्यानं माझ्यासमोर बंद केलं. म्हणजे फोनवर असतानाच. माझ्या ॲपमधला हिरवा ठिपका लाल झाला. प्रभुनं धोंडीरामलाही सांगितलं, वायर काढ आणि डबा घरी नेऊन ठेव.

रात्री दानम्मानं मला फोन केला. खूप दिवसांनी आपणहून.

"अक्का, भोंगा तू बंद करायला लावलास?"

"तू जेवत नाहीस. मी उद्या येते. चल माझ्याकडे."

ती हसली. "बंद कुठं झालाय?"

सकाळची पहिली एसटी चुकली, दहाची धरली. मंगळवेढ्यात उतरून रिक्षानं वस्तीवर गेले. दानम्माचं दार सताड उघडं. चूल थंड. तिचा फोन देवळीत. मी हाका मारल्या. ओ आली नाही.

धोंडीराम धावत आला. "आत्ता सकाळी तर दारात बसलेल्या बगितल्या."

"डबा कुठं आहे?"

"माज्या घरात, बाजंखाली. चला दावतो."

त्यानं दाखवला. डबा, बॅटरी, वायरीचं भेंडोळं. सगळं तिथं होतं. खांबावर राहिला होता तो नुसता मोकळा भोंगा.

आम्ही रानाकडे निघालो. बांधावर धोंडीराम थांबला. मी त्याला दोष देत नाही. ऐन दुपार होती, ऊन रखरखत होतं. भरल्या ज्वारीचं रान, आणि एक चिमणी नाही. किड्यांची किरकिर नाही. पानं हलत होती, पण त्यांचाही आवाज नव्हता.

"दानम्माऽऽ!"

माझा आवाज दोन पावलांवर पडल्यासारखा झाला.

ज्वारी डोक्यापेक्षा उंच. खांब कुठल्या बाजूला तेही कळेना. काय सुचलं कोण जाणे, मी फोन काढला. ठिपका लालच होता. तरी कानाचं चित्र दाबलं...

माझी बहीण बोलत होती.

अगदी हळू. झोपेतून बोलावं तसं.

"दाणा भरलाय. कणसं वाकली."

मग तो खोकला.

"दानू, बास का आता?"

मला कळलं की ती काय उत्तर देणार आहे. लहानपणी संध्याकाळी माळ्यावरून उतरायची घाई तिलाच असायची. मी ते उत्तर येऊ दिलं नाही. तोंडाचं बटण दाबलं आणि जीव खाऊन ओरडले.

"अजून नाही! ईश्वरप्पा, अजून नाही! तिला मी न्यायला आलेय!"

माझा आवाज वरून आला.

सगळ्या रानावर. मोकळ्या भोंग्यातून. वायर नाही, बॅटरी नाही. बांधावर उभ्या धोंडीरामनं ऐकला. त्याच्या घरी मुक्ताबाईनं ऐकला.

आणि मग एकदम पानं सळसळली. कुठून तरी भोरड्यांचा थवा आला आणि रानावर उतरला.

आवाजाच्या रोखानं मी ताटं मोडत धावले. दानम्मा खांबाखाली होती. मांडी घालून बसलेली. पाठ ताठ. डोळे अर्धे मिटलेले. कपाळभर भस्म. डावा तळहात मांडीवर उघडा, आणि त्यावर गळ्यातून सोडून ठेवलेलं तिचं इष्टलिंग.

आमच्यात माणसाला कधी तसं बसवतात, ते वर लिहिलंच आहे.

अंग गार होतं. पण श्वास चालू होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उपासानं साखर उतरली, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. शुद्धीवर आल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं.

"तू कशाला मध्ये बोललीस?"

एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, ती माझ्या गळ्यात पडेल.

त्यानंतरचं थोडक्यात लिहिते.

ते पीक पाखरांनी खाल्लं. खांब प्रभुनं उपटून टाकला. तो पुण्यातच आहे. घरातले दिवे पूर्वी फोनवरून लावायचा, आता भिंतीवरच्या बटणानं लावतो, बायको हसते त्याला. वडिलांचा भरलेला आवाज त्यानं पुसला नाही, पण लावतही नाही.

रान धोंडीराम वाट्यानं करतो. खांबाभोवतीची जागा तो पेरत नाही.

दानम्मा माझ्याकडे भवानी पेठेत आहे. जेवते, पूजा करते, गल्लीतल्या शरणम्माशी कन्नडमध्ये तासन्‌तास बोलते. माझ्याशी कामापुरतं. मला 'अक्का' म्हणणं तिनं सोडलंय. ती मला कधी माफ करेल की नाही, ठाऊक नाही. मी तिला वाचवलं, की तिचं माणूस तिच्यापासून तोडलं, हे माझं मलाच ठरवता येत नाही.

मी ॲप काढून टाकलं. साधा फोन घेतला.

या वर्षी संक्रांतीनंतर धोंडीरामचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "अक्का, एक इचारू का? तुमी रानात आला हुता का परवा?"

"नाही रे. का?"

"दुपारच्या पारी बाईमानसाचा आवाज येतोय. 'अजून नाही' म्हनून. मुक्ता म्हनती, अक्कांचाच हाय. म्या म्हनलं, अक्का तर सोलापुरात. जिती-जागती..."

मी फोन ठेवला. यातलं अक्षरही दानम्माला सांगायचं नाही, असं ठरवलं.

दुपारी माग थांबले. आम्ही दोघी जेवायला बसलो. दानम्मा भाकरी मोडता मोडता थांबली. कान देऊन काही ऐकल्यासारखी.

मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"कुणाला अडवतेस गं रोज?" तिनं विचारलं. "तिथं आता कोण बसलंय?"