म्हातारीचा दात

"सुतळी, खिळे, मेणबत्त्या! तीनच गोष्टी सांगितल्या होत्या, देलमिरा!" उलिसेस ओरडला. "आणि आणलंस काय? नुसत्या मेणबत्त्या!"

"वाटेत कुत्रं भुंकलं," देलमिरा पुटपुटली. "बाकीचं तेवढ्यात सांडलं."

"सांडलं म्हणे! डोकं आहे की फुटकी बादली?"

उलिसेसची नऊ वर्षांची बहीण निदिया फिस्सकन हसली. देलमिराचे कान लाल झाले. शाळेतल्या बाईंनी या निसटण्याला नाव दिलं होतं, डिस्लेक्सिया. अक्षरं तिच्यासमोर थरथरतात, एकापाठोपाठ सांगितलेलं निसटतं; पण पोरगी बावळट नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. पण मावसभावाला, उलिसेसला, कोण सांगणार!

आणि आज वेळ होता कुणाला? आज घर निघणार होतं! ओदिला मावशीचं, म्हणजे उलिसेस-निदियाचं लाकडी घर. समुद्राने खालचा कडा पोखरला होता. म्हणून सारं बेट मिंगासाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून घर हलवायला, जमलं होतं. बैलांच्या सहा जोड्यांनी घर ओढून किनाऱ्यावर आणलं होतं. आता पिंपं बांधून ते तरंगवायचं आणि होड्यांनी खाडीपलीकडे न्यायचं. खोल पाण्याची वाट दाखवायला ओहोटीतच तीन खांब रोवलेले, लाल चिंध्या बांधून.

देलमिरा एकदम थबकली.

"मधला खांब तिथे नव्हता."

"कुठे होता मग? उजवीकडे की डावीकडे?" उलिसेसने विचारलं.

"ते... ते मला नाही सांगता येत."

ती एरास्मोकाकांकडे धावली. आजचे म्होरके तेच. "काका, मधला खांब चुकलाय! तिथे म्हातारीचा दात आहे, तो बुडालेला खडक!"

"हो का!" काका खदखदून हसले. "तीन वस्तू लक्षात राहत नाहीत, आणि मला समुद्र शिकवतेस? अरे, ओढा रे, ओढा! भरती काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

पाणी चढत होतं. घर हललं. उलिसेसने घराकडे पाहिलं, मग देलमिराकडे.

"खात्री आहे?"

"रोज शेवाळ गोळा करते मी तिथे. डोक्यात नाही रे, पायांत आहे ते!"

पुढच्याच क्षणी तिघं छोट्या होडीपाशी! देलमिराच्या कमरेला दोर बांधून उलिसेस निदियासोबत होडीत बसला आणि त्याने दोराचं टोक हाती धरलं. ती वाळूच्या दांड्यावरून पाण्यात चालू लागली आणि गाऊ लागली. शेवाळ वेचताना तिनेच जुळवलेलं गाणं होतं ते.

"पहिला दगड बदकाचा,
दुसरा काळ्या तव्याचा..."

"अजून किती लांब?" उलिसेसने विचारलं.

देलमिरा थांबली. ओठ हलले, पण शब्द येईनात. "गेलं सगळं! पहिल्यापासून!"

"पहिल्यापासून? अगं, घर पाण्यात उतरलंसुद्धा!"

पुन्हा बदकाचा दगड. पुन्हा तवा. पाणी आता कमरेला. तेवढ्यात निदिया किंचाळली, "ओढताहेत! होड्या ओढताहेत!"

गेलं! पुन्हा पहिल्यापासून!

या वेळी उलिसेसने बहिणीच्या तोंडावर हात दाबला आणि स्वतःचे ओठ दातांखाली धरले.

"पहिला दगड बदकाचा,
दुसरा काळ्या तव्याचा,
तिसऱ्यापाशी वळ ग बाई,
पुढे दात म्हातारीचा!"

देलमिराने पाय उचलला, वर चढवला आणि ताठ उभी राहिली. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत! भर खाडीत, मधल्या खांबाजवळ, घराच्या अगदी वाटेवर, एक मुलगी जणू समुद्रावर उभी होती!

"थांबा!" उलिसेसने होडीतून वल्हं खालच्या खडकावर आपटलं. टक्! दगडाचा आवाज पाण्यावरून घुमला.

होडीवाल्यांचे डोळे विस्फारले. "वळवा! वळवा! दोर सोडा!"

घर डुलत डुलत वळलं, खिडक्या खडखडल्या, आणि दातापासून हातभर अंतरावरून ते सुखरूप पुढे सरकलं.

पलीकडच्या काठावर एरास्मोकाका टोपी चुरगाळत उभे होते. "सकाळी जाळं वाळत घालायला तो खांब मीच उपटला होता," ते हळूच म्हणाले. "मग रोवला अंदाजानेच."

"माझं घर, आणि अंदाजाने?" ओदिला मावशी कडाडली. मग तिने बटाट्याची पहिली गरम भाकरी, मिलकाओ, देलमिराच्या गार हातांत ठेवली. "आज माझं घर तुझ्या पावलांनी वाचवलं, पोरी."

संध्याकाळी ओहोटीत खांब योग्य जागी रोवायला काका आणि मुलं देलमिराच्या मागोमाग निघाली. ती गात होती. तिसऱ्या दगडापाशी काकांना राहवेना.

"आता उजवीकडे की—"

"श्श्!" उलिसेस सगळ्यात मोठ्याने ओरडला. "मध्ये बोलू नका काका! नाहीतर आपल्या सगळ्यांना पहिल्यापासून चालावं लागेल!"