न ठेवलेली प्रत

बाळ झोपलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. रजा संपायच्या आत प्रोग्रॅमिंग शिकलं तर घरून करण्याजोगं काम मिळेल. तान्ह्या लेकीला परक्याच्या हाती सोपवणं तिच्या जिवावर आलं होतं. शिकवणी नणंदेची, फोनवरून.

"वहिनी, स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. एकदा ओवली की तिच्यातला मणी बदलत नाही. बदल केलास तर नवी माळ तयार होते, जुनी तशीच राहते."

सरावाला मजकूर हवा होता. तिनं आईचा शेवटचा मेसेज घेतला. 'निघाले. पोहोचतेच.' लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेली आई नातीचं तोंडही न पाहता वाटेतच गेली होती.

'पोहोचतेच'च्या जागी 'पोहोचले' घाल, असं तिनं प्रोग्रॅमला सांगितलं आणि ओळ पडद्यावर छापली.

निघाले. पोहोचतेच.

"बदललंच नाही गं!"

नणंद हसली. "बदललेली माळ ठेवलीस कुठे? तिला नाव द्यायचं राहिलं. सगळ्या नवशिक्यांचं हेच होतं."

"मग ती गेली कुठे?"

"गेली हवेत, तुझ्या चष्म्यासारखी. चष्मा निदान सापडतो तरी!"

तीही हसली. फोन ठेवला, तेव्हा बाळ आत कुरकुरायला लागलं होतं. ती उठणार, तोच ते आपलं आपण शांत झालं. कडेवर घेतल्याशिवाय कधी न थांबणारं बाळ. आतल्या खोलीकडून निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. आई गुडघ्यांना चोळायची, तोच. शेजाऱ्यांकडचा असेल, तिनं स्वतःला समजावलं. खिडक्या मात्र बंद होत्या.

दुसऱ्या दुपारी तिनं तीच चूक मुद्दाम केली. वास आला. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत करायची तसं पडताळून पाहिलं. माळेची बदललेली प्रत नाव देऊन ठेवली की काहीच नाही. न ठेवता सोडून दिली की निलगिरी, आणि आत बाळाचं खुदखुदणं. थोड्या वेळानं वास विरून जायचा. आई अशीच यायची, उभ्या उभ्या. 'बस गं जरा' म्हणेपर्यंत चपला पायात.

नणंदेला ती काही बोलली नाही. नवऱ्यालाही नाही.

आज तिनं शब्द बदलला. 'पोहोचतेच'च्या जागी 'इथेच राहते'.

कळ दाबण्याआधी बोट अडलं. आत बाळ एकटं आहे, हे मनात आलंच. पण आईच तर आहे.

तिनं कळ दाबली. नाव दिलं नाही.

पडद्यावर जुनीच ओळ उमटली.

वास आला. या वेळी तो विरला नाही.

ती आतल्या खोलीत गेली. बाळ जागं होतं, शांत. त्याची नखं कापायचा धीर तिला अजून झाला नव्हता. कातर जवळ नेऊन ती दर वेळी परत ठेवून द्यायची. आता डाव्या हाताची नखं गुळगुळीत कापलेली होती. चादरीच्या घडीत त्यांचे तुकडे नीट गोळा केलेले.

उजवी मूठ हवेत उचललेली होती.

आणि त्या मुठीचं एकेक बोट, अगदी सावकाश, उलगडलं जात होतं.