नाव शाल्मली

मंडईत आईसाठी वांगी निवडताना सुहासिनीच्या कानावर शेजारच्या फळवालीचा आवाज पडला, "साहेब, कवठ विकत घेताय, की त्याच्याशी गप्पा मारताय?"

तिनं सहज मान वळवली – आणि वांगं हातातच राहिलं. कवठ कानाशी धरून हलवत उभा होता तो श्रीनिवास. तिचा नवरा.

तो बिबवेवाडीला भावाकडे उतरला होता, ती सदाशिव पेठेत माहेरी. जर्मनीला गेल्यापासून दोघं पहिल्यांदाच सुट्टीवर आले होते. पण परत तो एकटाच जाणार होता. "मी आता परत येणार नाही," असं तिनं येताना विमानातच सांगून टाकलं होतं. त्यावर खिडकीबाहेर बघत तो एवढंच म्हणाला होता, "बरं."

तो एक शब्द तिला फार लागला होता.

"तुम्ही – इथे?"

तो चोरी पकडल्यासारखा हसला. "पिकलंय का बघत होतो. तुला डोहाळे लागले होते ना... कवठाच्या चटणीचे. तिथे सगळं गाव पालथं घातलं होतं मी. मिळालं नाही."

सातव्या महिन्यात मुलगी गेली, त्यानंतर त्यानं तो विषयच काढला नव्हता. आठवडाभर कारखाना, आणि रविवार आला की गळ्यात कॅमेरा. तळी, किल्ले, बर्फाचे डोंगर... "इथे उभी राहा. जरा हस ना!" ती हसायची. घरी येऊन न्हाणीघरातला नळ सोडून रडायची. हा माणूस सगळं विसरला, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"पर्वतीला येतेस?" त्यानं एकदम विचारलं. "लग्न झालं आणि लगेच निघालो आपण. अर्धा युरोप दाखवला तुला, पुणं राहिलंच."

"पुणं मला दाखवणार? सदाशिव पेठेतल्या मुलीला?"

"मग तू दाखव. आज कॅमेरा नाही आणलेला."

तिला नको असताना हसू आलं.

डिसेंबरचं कोवळं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं. वांग्यांची पिशवी त्यानं न मागता हातात घेतली. वरच्या कठड्याशी दोघं टेकले. खाली झाडांमधून कौलं डोकावत होती.

"अहो, मला इतके रविवार का फिरवलंत?"

त्यानं पिशवी कठड्यावर ठेवली. "घरात बसवत नव्हतं, सुहास. पाळण्यासाठी ठेवलेला तो मोकळा कोपरा... आणि तुझ्यासमोर मीच रडलो असतो, तर तुला कुणी सावरलं असतं?"

"सावरायला कुठे कुणी हवं होतं?" तिचा आवाज कापला. "बरोबर रडायला हवं होतं."

त्यानं मान खाली घातली. "मी 'बरं' म्हणालो ना विमानात... बरं नव्हतं ते. तू हवी आहेस मला. इथे राहायचं म्हणालीस तर नोकरी सोडून येईन. पण तुझ्याशिवाय – नाही जमणार."

सुहासिनीच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो आजवर तिनं कुणालाच विचारला नव्हता.

"तुम्ही तिला पाहिलं होतंत ना? मी शुद्धीवर नव्हते. मला कुणी दाखवलीच नाही."

"पाहिली. हातात घेतली होती."

"कशी होती?"

"कपाळ तुझं. केस दाट, काळेभोर. ओठ असे... कुणावर तरी रुसल्यासारखे." तो थांबला. "मी तिला शाल्मली म्हटलं. अजून मनात तेच म्हणतो."

"शाल्मली," ती पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली.

आणि श्रीनिवास रडला – भर दिवसा, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. रोजची पर्वती चढणारे एक आजोबा त्यांना पाहून घुटमळले, मग पाठ फिरवून हळूच उतरू लागले. सुहासिनीनं पदरानं त्याचे डोळे पुसले. स्वतःचे तसेच वाहू दिले.

"मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "पण तिच्याबद्दल बोलायचं. आणि रडू आलं, तर दोघांनी."

त्यानं नुसती मान हलवली.

"आता अजून सांगा... बोटं कशी होती तिची?"

त्यानं तिचा हात हातात घेतला, तिची करंगळी हलकेच धरली, आणि सांगू लागला.