पोटरीतली तडतड

या, दिव्याजवळ बसा, म्हणजे सांगते. घाबरू नका हं, मी स्वतः अजून हसतेच आहे.

इंदूरच्या पलासिया भागातल्या एका दवाखान्यात मी नसा-स्नायूंची तपासणी करते. बारीक सुई स्नायूत टोचली, की त्याची हालचाल मशीनच्या स्पीकरवर ऐकू येते. मे महिन्यातल्या एका दुपारी रिटायर्ड मास्तर रामभाऊ आले, बरोबर त्यांच्या पत्नी कस्तुरीकाकू. रामभाऊंची पोटरी आपोआप उडत होती, आणि मोबाइलवर वाचून वाचून माणूस अर्धा झाला होता.

"बेटा, सच बता. मला झटके येणार ना? बिछान्याला खिळणार ना मी?"

मी सुई टोचली. सामसूम खोलीत तड्... तड्... सुरू झालं, फोडणीत मोहरी फुटावी तसं. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

डॉक्टरांनी पायातली ताकद पाहिली, रक्ताचे रिपोर्ट चाळले आणि हसले. "काही गंभीर नाही. दिवसभर चहा, अपुरी झोप आणि घामातून गेलेले क्षार. चहा कमी करा, पाणी प्या, मस्त झोपा."

रामभाऊंचे डोळे भरून आले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

काकूंचं मात्र समाधान होईना. त्यांनी पर्समधून पुडी काढून मीठ-मोहऱ्या पोटरीवरून ओवाळल्या. ही पुडी चौरस्त्यावर टाकायची रीत. पण इंदूरची बाई रस्त्यावर कचरा टाकेल? छे! त्या आमच्या ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन डब्यांपुढे येऊन अडल्या.

"संहिता, हे गीला की सूखा?"

"सूखा, काकू."

पुडी निळ्या डब्यात पडली आणि पोटरी थांबली. तत्क्षणी. रामभाऊ गुणगुणत जिना उतरले.

संध्याकाळी मी मशीनचा प्लग काढला. खोलीत फिनाइलचा वास, बाकी शांतता. आणि कोपऱ्यातून... तड्... तड्...

उंदीर असेल, म्हटलं. डबा काही उघडला नाही. घरी जाऊन पोटभर जेवले.

सकाळी कचरागाडी आली. गाडीवरच्या अंबिकाबाईंनी निळ्या डब्यातली थैली उचलली आणि हळूच परत खाली ठेवली.

"दीदी, ये सूखे में नहीं जाएगा..."

"क्यों?"

"हाथ लगा के देखो... फड़क रहा है."