खिशातले पांढरे मोजे

खिशात पांढरे मोजे घेऊन फिरणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, असं माझं तेव्हापासूनचं मत.

देवळातल्या नोह या जुन्या जपानी मुखवटा-नाटकाच्या रंगमंचाच्या फळ्या मी सोयाबीनच्या चोथ्याच्या पुरचुंडीने घासत होते. हा पायरीशी थांबला, बूट काढले, खिशातले मोजे चढवले आणि मगच वर पाऊल ठेवलं. या मंचावर पांढऱ्या मोज्यांशिवाय चढत नाहीत, हे सादो बेटावर फिरायला येणाऱ्याला कोण शिकवतं?

"काय हवंय?"

"पक्षी बघायला आलोय... ते लाल तोंडाचे."

"दुर्बीण कुठंय?"

"विसरलो—"

"आणि मोजे बरे आठवले."

तो हसला. हसू छान होतं, म्हणून मला जास्तच संशय आला.

नाव काझुमा. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या नाटकातल्या संन्याशाची कंबर धरली. संन्याशाचं काम म्हणजे खांबापाशी निश्चल बसायचं, भुताचं दुःख ऐकायचं आणि प्रार्थना करून त्याला मुक्ती द्यायची; मग भूत जुनं वैर विसरून क्षमा करतं. "मला येतं," काझुमा म्हणाला आणि चक्क आमच्या गावच्या चालीत गायला लागला. सगळे खूश. भूत मी होते. मी मात्र खूश नव्हते. ही चाल गावाबाहेर कुणालाच येत नाही.

तालमीनंतर मी त्याला विहिरीपाशी गाठलं. "कोण तुम्ही? खरं सांगा."

"गेंजिरोंचा मुलगा."

माझ्या हातातली बादली खाली आली. मी लहान असताना बाबा भुताचं काम करत होते. मुखवट्यातून फारसं दिसत नाही. ते मंचाच्या कडेकडे जात राहिले आणि संन्याशाचं काम करणारे गेंजिरो बघत बसले, कारण संन्याशाने हलायचं नसतं. बाबा पडले, पाय कायमचा अधू झाला. गेंजिरोंनी लाजेने बेट सोडलं.

"ते गेले. शेवटपर्यंत म्हणायचे, मी बसून राहिलो... मी माफी मागायला आलोय, चिगुसा-सान. पण तुमच्या बाबांसमोर तोंडच उघडत नाही."

"माझ्यासमोर बरं उघडतं. पक्षी काय, दुर्बीण काय."

"तुमच्यासमोर... थापाच सुचतात."

"क्षमा नाटकातलं भूत करतं. नाटकाबाहेर मी भूत नाही." मी तरातरा निघाले. कान मात्र गरम झाले होते, खोटं कशाला बोलू?

प्रयोगाच्या संध्याकाळी बाबा काठी घेऊन पुढेच बसले. शेकोट्या पेटल्या, धूर झाला आणि ज्याच्यावरून मंचाची कड ओळखायची तो खांब मुखवट्याच्या भोकांतून दिसेनासा झाला. मी चालत राहिले... कुठे, ठाऊक नव्हतं.

अचानक अगदी समोर जपमाळेचे मणी खळखळले. नाटकात तिथे जपमाळ नाही. संन्यासी जागेवरून उठला होता, कडेला उभा राहून प्रार्थनेच्या चालीत गात होता, "मागे फिर... मागे फिर."

गेंजिरोंच्या मुलाचं ऐकावं? क्षणभर पाय अडले. मग मी फिरले.

प्रयोगानंतर काझुमाने बाबांसमोर कपाळ जमिनीला टेकवलं. "मी गेंजिरोंचा—"

"चालीवरूनच ओळखलं होतं," बाबा म्हणाले. "त्या जागी जपमाळ नाही."

"हो. चुकलं."

बाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "पुढच्या वर्षीपासून असू दे."

काझुमाचे डोळे भरून आले. माझेही. मी त्याचे काळेकुट्ट झालेले मोजे धुवायला मागून घेतले.

"पुढच्या वर्षीपर्यंत मी इथे काय करू?" त्याने हळूच विचारलं.

"पक्षी बघा," मी म्हणाले. "दुर्बीण माझ्याकडे आहे."