हँडलचे चार बोल्ट

"नवरा तर गेला, साहेब. आता भावाला घरात घ्यायचं की नाही, एवढंच सांगा," बाई म्हणाल्या.

गुप्तहेराने वही उघडली. बरोबर आलेल्या त्याच्या साडूने मात्र आधी बाईंना पाणी आणून दिलं. साडूची ही जुनी खोड: लोकांचं दुःख चटकन कळे, बाकी सगळं उशिरा.

बाईंचा नवरा सायकलीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नव्या सायकली चालवून बघायचा. काल उतारावर हँडल हातातच फिरलं आणि तो चिखलाच्या नाल्यात कोसळला, तो गेलाच. सायकल जोडणारा फिटर म्हणजे बाईंचा सख्खा भाऊ. पोलिसांनी त्याला नाल्यावरूनच उचललं आणि सायकल कारखान्यातल्या चाचणीच्या खोलीत कुलुपात ठेवली. आज सकाळी त्यांनी ती पाहिली, तर हँडल धरणाऱ्या पकडीचे चारही बोल्ट ढिले. "राहिलं असेल माझ्याकडून," असं त्याने चौकीत कबूल केलं.

चाचणीच्या खोलीत सायकल तशीच टांगलेली होती, वाळलेल्या चिखलाने माखलेली. शेजारचं यंत्र दुसऱ्याच एका हँडलला दणके देत होतं. थांबायचं नाव नाही. साडूला तिथे उभं राहवेना.

"या पिवळ्या रेघा कसल्या?" गुप्तहेराने विचारलं.

"बोल्ट आवळला की फिटर रेघ ओढतो, बोल्टावरून थेट पकडीवर," यंत्रावर चाचणी घेणारा चाचणीवाला म्हणाला. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. "बोल्ट फिरला की रेघ तुटते."

"चारही तुटल्यात, आणि अगदी सारख्या. साडूभाऊ, पाना बसतो ती भोकं बघा."

"स्वच्छ आहेत की," साडू म्हणाला.

"ही नवी पकड तुम्ही पास केलीत?" गुप्तहेराने चाचणीवाल्याला विचारलं.

"छे. डिझायनर म्हणाले, यंत्रावर पुरे झालं, रस्त्यावर काढा, मालही पाठवायला लागा."

मालक घाम पुसत आला. "मी विकणारा माणूस. आयुष्यात पाना धरलेला नाही, कुणालाही विचारा." चाचणीवाल्याने मान डोलावली.

डिझायनर शांत होता, जरा जास्तच. "माझ्या पकडीत खोट नाही. फिटर विसरला, त्याला मी काय करू?"

"खोलीची किल्ली?"

"आम्हा तिघांकडेच. मालक, चाचणीवाला आणि मी."

गुप्तहेराने बाईंना बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"बोल्ट आवळायचेच राहिले असते, तर रेघा ओढल्याच गेल्या नसत्या. म्हणजे भावाने ते आवळले होते. धक्क्यांनी सुटले असते, तर एक जास्त, एक कमी. चारही सारखे सुटले, कारण ते सरावाच्या हाताने सोडले. जाणकार माणूस समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे सोडतो; सवयच ती. सगळीकडे चिखल, पण भोकं साफ. म्हणजे पाना शिरला तो अपघातानंतर. तेव्हा भाऊ कोठडीत होता."

साडूच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. "मालकांना पाना माहीत नाही, यांचा हात प्लास्टरमध्ये..."

गुप्तहेराने हँडल उपसलं. पकडीच्या आत, एरवी झाकलेल्या जागी, केसाएवढा तडा होता.

"पकड तडकली म्हणून हँडल फिरलं. बोल्ट ढिले सापडले की आत कोण बघतो, डिझायनरसाहेब?"

"मी त्याला मारलं नाही," डिझायनर पुटपुटला.

"नाही. पण त्याचं मरण दुसऱ्याच्या गळ्यात बांधलंत."

"असल्या पकडी बाजारात गेल्यात?" बाईंनी विचारलं. मालकाने मान खाली घातली.

"परत मागवा. आत्ताच्या आत्ता." मग त्या गुप्तहेराकडे वळल्या. "सकाळी चौकीत मी त्याला तोंडावर म्हटलं, तूच मारलंस. तोवर तो नाहीच म्हणत होता, साहेब. मी म्हटल्यावर कबूल झाला."